जांभळ्या माशावरचा आळ

समुद्र आमच्यापासून इतका लांब आहे की कळंबमध्ये घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या माणसाकडं लोक जरा तिरक्या नजरेनंच बघतात. नवीन पाहुणा आला की टाकीसमोर उभा राहतो, आणि त्याचे प्रश्न ठरलेले असतात.

"हे खायचे मासे का?"

"नाही."

"मग विकता?"

"नाही."

"मग?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. मी आडत बाजारात एका दुकानावर हिशेब बघतो. दिवसभर दुसऱ्याच्या मालाची वजनं आणि विक्रीच्या पट्ट्या तपासायच्या. संध्याकाळी घरी आल्यावर अशी एक जागा हवी होती, जिथं आकडे बरोबर ठेवले की डोळ्यांदेखत काहीतरी फुलतं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही.

टाकी चार फुटांची, साधारण तीनशे लिटरची. समोरच्या खोलीत, ऊन न येणाऱ्या भिंतीला लावलेली. मीठ पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतं. पाणी जारच्या प्लँटवरचं, आरओचं, कारण आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीलासुद्धा पांढरा थर धरतो. पाण्याची घनता १.०२५ आणि तापमान सव्वीस अंश, हे दोन आकडे मी जिवापाड सांभाळतो. उन्हाळ्यात बाहेर पारा बेचाळीसला टेकला की टाकीवर दोन पंखे सोडावे लागतात. त्यानं पाणी थंड राहतं, पण आटतंही भराभर, रोज चार-पाच लिटर. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. बाकी जे काही त्यात असतं ते मागंच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आणि शुद्ध पाण्याची घालायची. त्यासाठी टाकीच्या मागच्या कप्प्यावर मी मार्करनं रेघ मारली होती आणि शेजारी आरओच्या पाण्याचा निळा कॅन ठेवला होता. पाणी रेघेखाली गेलं की कॅनमधून ओतायचं, असा घरात नियम.

टाकीत मासे थोडेच. खरी माया प्रवाळांवर. प्रवाळ झाडासारखं दिसलं तरी तो प्राणी आहे. दगडी सांगाड्याची प्रवाळं कायद्यानं संरक्षित आहेत, त्यामुळं ती मी कधी घेतली नाहीत, गुपचूप देतो म्हणणारे भेटले तरी. माझ्याकडं मऊ प्रवाळं आहेत. त्यातलं एक अळंबीसारखं, तळहाताएवढं, वर शेकडो बारीक तुरे काढून पाण्यात डुलणारं. बायकोनं त्याला छत्री नाव दिलं. दुसरी हिरव्या-नारिंगी गोल तोंडांची वसाहत, ती तिच्या भाषेत बटणं. छत्रीचे तुरे आत गेले की ती नुसता चामड्याचा तुकडा दिसते. मग घरात मी कुणाशी धड बोलत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

मासा आला तो या सगळ्यानंतर. एंजलफिशमधली ही बुटकी जात, दोन बोटांएवढी. अंग गडद जांभळं-निळं, कुशीला केशरी, त्यावर बारीक उभ्या रेघा, आणि गालावर एक काटा. दिवसभर हा खडकांवरचं शेवाळ टोचत फिरतो. अडचण अशी, की टोचता टोचता कधी प्रवाळालाही तोंड लावण्याची खोड या जातीत असते. पुण्याच्या दुकानदाराला मी फोनवर सरळ विचारलं होतं.

"सर, दहातले नऊ काही करत नाहीत," तो म्हणाला.

"आणि दहावा?"

"ते मासाच ठरवतो, सर."

अशा उत्तरावर मी एरवी पोतंभर हरभरासुद्धा घेतला नसता. पण मासा घेतला, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यावर नजर ठेवली.

त्याच सुमारास वडील आमच्याकडं राहायला आले. आई गेल्यावर शेजारच्या वाशी तालुक्यातल्या आमच्या गावात ते एकटेच होते. गुडघे दुखायचे, गोळ्या वेळेवर घेत नव्हते. मी बरेच दिवस मागं लागलो तेव्हा कुठं एक पिशवी कपडे आणि आईची तांब्याची घागर घेऊन आले. आमच्या गावात ते पुष्कळ वर्षं पोलीस पाटील होते. कुणाच्या विहिरीवरची मोटर गेली, कुणाचा बांध कोरला, की आधी वर्दी त्यांच्याकडं. अशा माणसाला कळंबच्या दोन खोल्यांत काही काम नव्हतं. टीव्हीवर त्यांचा विश्वास नाही. शेजाऱ्यांशी बोलायचे ते जेवढ्यास तेवढं. सकाळी चिंच आणि मीठ लावून आईची घागर लख्ख घासायची, तीत जारचं पाणी भरून ठेवायचं, आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचं, हा त्यांचा दिवस.

मासा त्यांना ओळखायला लागला. मी समोर गेलो की खडकामागं, आणि ते बसले की काचेला चिकटून. ते त्याच्याशी बोलायचे. गावात कुणाचं कुणाशी भांडण लागलंय, पाऊसपाणी काय म्हणतंय, असलं सगळं त्याला सांगायचे. आम्हाला सांगत नसत.

एप्रिलात छत्री मिटली.

पहिल्यांदा मी घाबरलो नाही. या जातीचं प्रवाळ अधूनमधून मिटतं, वरची कात टाकतं, पुन्हा उघडतं. पण आठवडा गेला, दुसरा लागला, आणि बटणंही कडेकडेनं मिटायला लागली. मी सगळे आकडे तपासले. तापमान, घनता, नायट्रेट, क्षारता, कॅल्शियम, सगळं जागच्या जागी. आकडे बरोबर असूनही माल बिघडतोय म्हणजे कुणाचा तरी हात लागतोय, हे मला बाजारानं शिकवलंय. आणि टाकीत तोंड चालवणारा तर एकच होता.

मी पाळत ठेवली. संध्याकाळी चहाचा कप हातात धरून टाकीच्या बाजूनं, त्याला दिसणार नाही असा उभा राहायचो. एकदा तो छत्रीच्या बुंध्याशी गेला आणि टचकन टोचून बाजूला झाला.

"बघितलंत?" मी वडिलांना म्हणालो. "हाच."

"काय बघितलं?"

"छत्रीला तोंड लावलं त्यानं."

"छत्रीला का खालच्या धोंड्याला?"

"अगदी जवळ होता, दादा."

"जवळ असंल. आपल्या शेताजवळनं अख्खं गाव जातंय, म्हणून समदं गाव चोर व्हत न्हाय." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "साक्षीदार कोण? तूच. फिर्यादी कोण? तूच. असला पंचनामा म्या फाडून टाकला असता."

बायको आतून हसली. मला हसू आलं नाही.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पाठवून द्या, मी परत घेतो." खारं पाणी भरलेल्या पिशवीत घालून ट्रॅव्हल्सनं पाठवायचा, एवढंच काम. जेवताना मी हे सांगितलं. वडील भाकरी कुस्करत होते, ते थांबले.

"तो गेला तर म्या बी जातो गावाकडं."

"दादा, मासा आहे तो."

"व्हय. म्हणून तर त्याला बोलता येत न्हाय." आणि पुन्हा भाकरी कुस्करायला लागले.

ते हे धमकी म्हणून बोलले नव्हते. माझे वडील धमकी देत नाहीत. जे करणार असतात तेवढंच सांगतात. बंद घर, गुडघे, गोळ्या, चुलीपाशी एकटा माणूस, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि वाटीत आणखी आमटी वाढली. म्हणजे त्या रात्री आता हा विषय नको.

पण छत्री मरू द्यायची का? मी मधला मार्ग काढला. मासा बाहेर नाही, पण मोकळाही नाही. सोड्याच्या मोठ्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत समुद्री शेवाळाचा तुकडा अडकवला आणि ती टाकीत ठेवली. खडक न हलवता असा मासा धरायचा हाच उपाय आहे. दोन दिवस तो बाटलीभोवती फिरला, आत गेला नाही. त्यालाही माझा संशय येत असावा. तिसऱ्या दिवशी भूक जिंकली. मग त्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकलं आणि डबा टाकीतच आतून काचेला अडकवला. पाणी तेच, उजेड तोच, फक्त छत्रीपर्यंत पोचता येणार नाही. आता छत्री उघडली तर गुन्हा शाबीत.

वडिलांनी खुर्ची थोडी सरकवली आणि डब्यासमोर मांडली.

"किती दिवसाची कस्टडी?" त्यांनी विचारलं.

"उघडेपर्यंत."

"आन् न्हायच उघडली तर?"

माझ्या मनात ती शक्यताच नव्हती.

छत्री उघडली नाही. उलट आणखी आक्रसली, आणि बटणांतली एक रांग पांढरी पडून गळाली. मासा डब्यात गोल गोल फिरत होता. मग एका सकाळी काचेवरच्या गोगलगायी खाली पडलेल्या दिसल्या. शेवाळ खायला सोडलेल्या या समुद्री गोगलगायी काचेला पक्क्या धरून असतात. मी एक उचलून सरळ केली, ती पुन्हा पडली. दुसरीला वास येत होता. गोगलगायीला हा मासा काही करत नाही, आणि आता तर तो कोंडलेलाच होता.

म्हणजे पाण्यात काहीतरी जात होतं. बाहेरून.

संशयाचं असं आहे, की त्याला एक जागा रिकामी झाली की तो लगेच दुसरी शोधतो. मी बायकोला विचारलं, "या खोलीत काही फवारलं का?"

"काय फवारणार?"

"मच्छरांचं. काचेचं. डोक्याला लावायचं काही."

"मच्छरांची अगरबत्ती तुम्हीच बंद केली," ती म्हणाली. "तुमच्या छत्रीपायी मी उन्हाळाभर मच्छरांना रक्त पाजतेय. आता त्यांनाच विचारा, कुणी काय फवारलं ते."

"फरशीला फिनेल?"

"अहो, फिरत फिरत संशय माझ्यापर्यंत येणार हे मला माहीतच होतं. उशीर लागला एवढंच."

तरी संशय काही गेला नाही. त्या दिवसांत घरात मी सगळ्यांचे हात बघत होतो. कुणी टाकीजवळून गेलं की कशाचा वास येतो का बघायचो. आमच्याकडं झाडू-पोछ्याला येणाऱ्या बाईंनी तर त्या खोलीत पाय ठेवायचंच सोडलं.

खरी गोष्ट कळली ती निळ्या कॅनवरून. कॅन वीस लिटरचा. रोज चार-पाच लिटर आटतं, म्हणजे तो आठवड्याच्या आत संपायला हवा. माशाच्या नादात मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं, त्या रविवारी उचलला तर केव्हाचा गळ्यापर्यंत भरलेला तो तसाच जड. आणि मागच्या कप्प्यातलं पाणी रेघेला बरोबर टेकलेलं. टाकीत रोज पाणी पडत होतं, पण कॅनमधून निघत नव्हतं. दोन बाजू जुळत नव्हत्या, आणि अशा वेळी मला जेवण जात नाही.

"भर कोण घालतं?" मी बायकोला विचारलं.

"मी कुठं घालते? ते काम दादांनी कधीच अंगावर घेतलं. छत्री मिटायच्या आधीपासून."

त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं. तसं मीही विचारलं नव्हतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की माझ्याच घरात माझ्या टाकीत कुणीतरी न सांगता काहीतरी ओततंय, आणि ते माझे वडील आहेत. ज्यांना मासा हवा आहे आणि छत्रीशी काही देणंघेणं नाही असे. हा विचार मनात आल्याचं लिहायला मला बरं वाटत नाही, पण तो आला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर डबा खाल्ला नाही. दुपारी मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावली आणि चालत घरी आलो. दार उघडंच होतं. मी चपला बाहेर काढल्या आणि दारातच थांबलो.

वडील स्वयंपाकघरातून आले. हातात भरलेला तांब्या. खांद्यावरचं पांढरं उपरणं त्यांनी मागच्या कप्प्याच्या तोंडावर धरलं, दुहेरी केलं, आणि पाणी त्यातून बारीक धारेनं गाळून सोडलं. मग आत जाऊन दुसरा तांब्या आणला. तोही गाळून. रेघ बघायला गुडघ्यावर हात देऊन वाकले. डब्यातल्या माशाला म्हणाले, "थांब रं, थोडे दिस. त्याचा राग उतरू दे."

"दादा, हे पाणी कुठलं?"

ते दचकले नाहीत. "कुठलं म्हंजे? घागरीतलं."

"कॅनमधलं का नाही ओतत?"

"त्यो प्लास्टिकचा. उन्हानं वास मारतोय पाण्याला. मुक्या जिवाला कशाला तसलं?" त्यांनी उपरणं पिळलं. "घागरीतलं बी जारचंच हाय, तुझ्या प्लँटचं. सकाळी भरून ठिवतो, दुपारपातूर चांगलं थंड व्हतंय. आपुन पितो त्येच."

माझ्याकडं सगळ्याची मापं होती, पाण्यातलं तांबं मोजायचं माप तेवढं नव्हतं. तांबं टाकीत येणार कुठून, म्हणून तपासणीचा तो संच मी कधी मागवलाच नव्हता. आरओच्या पाण्यात काहीच उरलेलं नसतं. ते चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या घागरीत अर्धा दिवस राहिलं की भांड्यातलं थोडं तांबं ओढून घेतं. आपल्याला ते चालतं. प्रवाळाला आणि गोगलगायीला ते विष. आणि पाणी आटून जातं, तांबं जात नाही. ते रोजच्या रोज साठत राहतं.

मी हे त्यांना सांगितलं. जेवढं साधं सांगता येईल तेवढं.

"किती जातंय असं?" त्यांनी विचारलं.

"अगदी थोडं. पण रोज."

"लई दिस झाले मला ओतताना."

"हो."

ते खुर्चीत बसले. घागरीकडं त्यांनी पाहिलं नाही, टाकीकडंही नाही. उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं आता म्हणतील, मी गावी जातो. मी म्हणणार होतो की चूक नियमाची आहे, मी कॅन दाखवला पण कारण सांगितलं नाही. ते काही बोलू देईनात.

"आधी त्येला सोड," डब्याकडं बोट करून ते म्हणाले. "त्याचा काय संबंध न्हाय ह्यात."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि डबा टाकीत तिरका केला. मासा क्षणभर तोंडाशी थांबला, मग खडकामागं गेला. दुपारभर दिसला नाही.

पुण्याहून तांबं तपासायचा संच आला. परीक्षानळीतला रंग बघायला वडील चष्मा लावून शेजारी उभे. रंग चढला तसं मी काही बोलायच्या आत त्यांनीच म्हटलं, "शाबीत." मग तांबं शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पिशव्या घातल्या, पाणी थोडं थोडं करून बदलत राहिलो. मीठ कालवताना बादली ते धरायचे. बटणांची गळालेली रांग गेली ती गेलीच. गोगलगायी सगळ्या नव्या आणाव्या लागल्या. छत्री मात्र एका सकाळी कडेनं दोन-चार तुरे काढून बसली होती. आधी बायकोनं पाहिलं. तिनं मला हाक मारली नाही, दादांना मारली.

घागरीचं मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना.

"त्या गोगलगाई मेल्या, आन् म्या पितोय व्हय ह्येच इतकी वर्षं?"

"तुम्ही गोगलगाय नाही, दादा. माणसाला तेवढं चालतं."

"कुणी सांगितलं?"

मी प्रमाण सांगितलं, लिटरला किती, कितीपर्यंत चालतं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांना पटलं नाही, तरी घागरीतलंच पाणी पीत राहिले. चिंचेनं घासणंही चालूच आहे. टाकीची भर आजही तेच घालतात, आता निळ्या कॅनमधून. पण ओतण्याआधी थोडं पेल्यात घेतात, उजेडाकडं धरून बघतात, एक घोट पितात आणि जरा वेळ थांबतात.

"कशाला?" मी विचारलं होतं.

"प्लँटवर कोण काय मिसळतंय, तुला काय ठावं?"

आमच्या घरात आता दोन माणसं पाळत ठेवतात.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. छत्री पूर्ण फुलली होती, पहिल्यापेक्षा मोठी. संध्याकाळी आम्ही दोघं टाकीसमोर बसलो होतो, चहा यायचा होता. जांभळा मासा छत्रीच्या वर आला, थांबला, तिरका झाला, आणि त्यानं एक तुरा सरळ तोडून खाल्ला. दगड नाही, शेवाळ नाही. तुरा. आजूबाजूचे तुरे झटकन आत गेले.

मी मान वळवली नाही. वडिलांचा श्वास मला ऐकू येत होता. पुण्याच्या दुकानदाराचा दहावा मासा तो हाच, आणि यावेळी साक्षीदार दोन होते.

मासा काचेपाशी आला आणि वडिलांनी काचेवर टेकवलेल्या बोटासमोर उभा राहिला. छत्रीचे तुरे हळूहळू पुन्हा बाहेर यायला लागले. एक कमी, पण एवढ्या तुऱ्यांत तो कळणार नव्हता.

"तू काय बघितलं का?" वडिलांनी समोर बघतच विचारलं.

"कशाचं?"

त्यांनी काचेवरचं बोट काढून घेतलं.

"म्या बी न्हाय," ते म्हणाले, आणि आत हाक दिली, "चहा झाला का गं पोरी?"